करपलेली भाकरी

चुलीवरच्या भाकऱ्यांत एखादी करपायचीच. जळण ओलं असायचं, जाळ मागंपुढं व्हायचा, नाहीतर पोरगं रडायला लागायचं. ती भाकरी कुणाच्या ताटात जायची, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पण सगळ्या घराला ठाऊक होतं. आई शेवटी बसायची, ती तिच्या वाटची.

याला आपल्याकडं माया म्हणतात. ती असतेच, नाही म्हणत नाही. पण नुसती मायाच असती तर कधीतरी एखाद्या बाप्यानंही ती भाकरी मागून घेतली असती की! रोज एकाच ताटात जाते ती रीत. रीतीला माया म्हटलं की बाकीच्यांना घास गोड लागतो, एवढंच.

परवा घरात टोस्टर आला. दोन खाचा, बाजूला एक खटका. आतल्या तारा निकेल-क्रोमियमच्या. लालभडक होतात, पण जळून जात नाहीत. वेळ भरली की पाव टुणकन वर. आईनं पहिलं काय विचारलं? "आन् करपला तर?"

"करपत न्हाई. आकडा लावायचा."

ती जरा गप्प झाली. चुलीला कुठला आकडा!

करपण्याचं यंत्रानं मिटवलं. पण खाचा दोन, माणसं सहा. पहिली जोडी कुणाची, हे काही टोस्टर सांगत नाही. माझ्या पोरीनं ती आजीपुढं ठेवली.

"बापाला दे आधी. मला गार चालतंय."

पोरगी हलेना. मग म्हातारीनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला; लक्ष मात्र पुढच्या जोडीकडं.