समासांतील सोयरीक

शब्दाचें कूळ पाहून त्याला घरांत घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न वैयाकरणांचा म्हणून सोडून देण्याची रीत आहे. आमच्या मतें तो नीतीचाहि प्रश्न आहे, आणि मराठवाड्यांत तर तो विशेष तीव्र आहे. निजामी राजवटींत राजभाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणहि उर्दूंतूनच मिळे. न्याय, दप्तर आणि वरची विद्या ह्या तिन्ही गोष्टी मराठी माणसाला दुसऱ्या भाषेच्या दारीं मागाव्या लागत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली, पण राग उरला, व तो शब्दांवर निघूं लागला. फारसी-अरबी शब्द म्हणजे दास्याचा डाग, तो पुसूनच टाकावा, असें म्हणणारे सुशिक्षित नांदेडास व लातुरास आम्हांला आजहि भेटतात.

ह्या मंडळींनीं सामासिक शब्द जरा निरखून पाहावे. 'कागदपत्र' ह्यांत कागद फारसींतून आलेला, पत्र संस्कृत. 'धनदौलत', 'मानमरातब', 'रीतरिवाज' ह्या तिहींत पूर्वपद संस्कृत कुळांतलें, उत्तरपद अरबी. लातूरची 'गंजगोलाई' घ्या. सोळा रस्ते जेथें येऊन मिळतात त्या बाजारपेठेचें हें नांव. गंज फारसी, तर गोल संस्कृत. नांदेडच्या 'तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब' ह्या नांवांत तर फारसी तख्त, सत्यापासून निघालेलें सच आणि अरबी हुजूर एकाच पंक्तीला बसले आहेत. तें नांव घेतांना कोणा भाविकाला विटाळ झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

समास म्हणजे नुसती बेरीज नव्हे. जुळतांना पदें आपलें कांहींतरी सोडतात. चक्कीशीं जुळतांना 'पाणी' आपला अन्त्य स्वर टाकतें व 'पाणचक्की' होते; फारसी स्वाराला पाठीवर घेतांना 'घोडा' 'घोडे' होतो. नॉर्वेच्या भाषेंत हेंच कानांना ऐकूं येतें: जोडशब्दाला मुख्य आघात एकच, दुसऱ्या पदाचा आघात दबून जातो. तेथें 'लम्मेलोर' जोडून लिहिलें तर कोकराची तंगडी, आणि मध्यें तोडून लिहिलें तर लुळ्या मांड्या! खानावळीच्या पाटीवर हा प्रमाद घडल्यास गिऱ्हाइकाचें काय होत असेल, कोण जाणे.

आमचा मुद्दा असा कीं, हुकुमानें शब्द लादतां येतो, समास लादतां येत नाहीं. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'अव्वल तालुकदार' म्हणा, असें सरकार सांगूं शकलें. सरकार गेलें, तें नांवहि गेलें. पण धनाशेजारीं दौलत कोणत्या फर्मानानें बसविली? ती बोलणाऱ्यांनीं आपल्या हातानें बसविली. दबलेल्या समाजाची संमति ही संमति कशी मानावी, असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. दरबारचा रुबाब लोकांच्या तोंडीं उतरतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शिवाजी महाराजांनीं रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करविला, 'मुख्य प्रधान' असें नांवहि दिलें, आणि लोक मात्र 'पेशवे'च म्हणत राहिले. तेव्हां तर राज्य आपलें होतें!

नवे शब्द घडवूं नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. 'महापौर' सुखानें नांदतो आहेच. पण 'कागदपत्रां'तला कागद काढूं पाहणाऱ्यांनीं उरलेलें पत्र कशावर लिहावयाचें, तेंहि सांगावें.