दोन चित्रपटांमधली वर्षे

ॲनिमेशनपट करणाऱ्या गीतांजली राव यांच्या चित्रपटांची यादी पोस्टकार्डावर मावेल. २००६ साली ‘प्रिंटेड रेनबो’, २०१४ साली ‘ट्रू लव्ह स्टोरी’ हा लघुपट, २०१९ साली ‘बॉम्बे रोझ’, आणि अधेमधे आणखी मोजके लघुपट. अशा कारकिर्दीबद्दल लिहिताना आपण चिकाटीचे गोडवे गातो. मला ते गैरसोयीच्या प्रश्नातून पळ काढण्यासारखे वाटते. प्रश्न असा, की दोन चित्रपटांमधल्या वर्षांचा खर्च कोणी उचलायचा?

राव मुंबईच्या जे. जे. कला संस्थेतून उपयोजित कला शिकल्या आणि ॲनिमेशनचे धडे त्यांनी ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या स्टुडिओत गिरवले. राम मोहन स्वतः केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडले होते. १९५०च्या दशकात डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी येऊन तिथल्या तरुणांना शिकवले. तिथे निघणारे चित्रपट बहुतांशी सरकारी प्रचाराचे असत, हे खरेच. पण चित्रकाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. पुढच्या पिढीला स्वतःचे काही करायचे तर आधी जाहिराती करून पैसे जमवणे भाग पडले. परदेशी मालिकांची कंत्राटे घेणाऱ्या स्टुडिओंत नोकऱ्या निघाल्या, पण तिथे गोष्ट दुसऱ्याची असे.

‘प्रिंटेड रेनबो’ पंधरा मिनिटांचा आहे. एकटी राहणारी म्हातारी आणि तिचे मांजर काड्यापेट्यांवरच्या चित्रांमध्ये शिरतात; घर करड्या रंगात, चित्रांतले जग झगझगीत. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी पंधरा मिनिटांना दहा हजार आठशे होतात. राव यांनी हे जवळजवळ एकटीने केले आणि त्यात तीन वर्षे गेली. कान चित्रपट महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’मध्ये या लघुपटाने तीन पुरस्कार मिळवले. त्यानंतर पूर्ण लांबीचा चित्रपट यायला तेरा वर्षे लागली. पुरस्कार झालेल्या कामाची दाद देतो. पुढच्या कामाचे भाडे तो भरत नाही.

संगणक आल्यावर चित्रे काढण्याचे हे काम सोपे झाले असेल, असे वाटणे साहजिक आहे. ‘बॉम्बे रोझ’ संगणकावरच रंगवला, पण हातानेच, एकेक चौकट. सुमारे साठ कलाकार दीड वर्ष राबले. वाचले ते कागद आणि रंग, हाताचा वेळ नव्हे.

या चित्रपटाने व्हेनिसच्या ‘क्रिटिक्स वीक’चे उद्घाटन झाले. मला तो आवडतो, पण त्यात दाटी आहे. फूल विकणारी कमला, काश्मीरहून आलेला सलीम, एकाकी मिस डिसूझा, बालकामगार, हिंदी सिनेमाची स्वप्ने, जुनी मुंबई, सगळे एकाच चित्रपटात. पुन्हा संधी मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने सगळे सामान एकाच बॅगेत कोंबावे तसे. हा दोष मी दिग्दर्शिकेच्या पदरात पूर्णपणे टाकणार नाही. दर तीन-चार वर्षांनी चित्रपट करणाऱ्याला एखादी गोष्ट पुढच्या वेळेसाठी राखून ठेवता येते.

एकटेपणातून आणि अडचणींतूनच अशी शैली येते, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो बहुधा ज्यांना खर्च करायचा नसतो त्यांच्याकडून येतो. राव यांच्या चित्रांतली ऊब अडचणींमुळे नाही. ती अडचणी असूनही आहे.

सरकारी कागदांवर ॲनिमेशन येते ते रोजगार आणि निर्यात म्हणून. चित्रकाराला पगार देणारे फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाले. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, त्याचा दर्जा ठरवून. चाळीस दिवसांत चित्रीकरण आटोपणाऱ्याला एक वेळ ते चालेल. वर्षानुवर्षे चित्रे काढत बसणाऱ्याला ते फार उशिरा मिळते. म्हणून मागणी साधी आहे: अनुदानाचा काही हिस्सा ॲनिमेशनसाठी वेगळा काढा, आणि तो पटकथा व नमुन्याची चित्रे पाहून, काम सुरू होण्याआधी, हप्त्याहप्त्याने द्या.