गरज सरल्यावर

यवतमाळला एका मित्राच्या घरी आम्ही चार-पाच जण 'हरिकेन' हा २०१८ सालचा चित्रपट पाहत बसलो होतो. देश गमावून इंग्लंडला पोचलेले पोलिश वैमानिक १९४० साली ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजतात, ही त्याची कथा. त्यांच्या ३०३ क्रमांकाच्या तुकडीने १२६ विमाने पाडल्याची त्या वेळची नोंद आहे. पुढे अभ्यासकांनी आकडा कमी केला. पराक्रम कमी झाला नाही.

युद्ध संपले. जून १९४६ मध्ये लंडनला विजयाचे संचलन निघाले. तोवर ब्रिटनने स्टालिनच्या मर्जीतले वॉर्सातील सरकार मान्य केले होते. पश्चिमेकडे लढलेल्या पोलिश सैन्याला बोलावणे आले नाही. बोलावले ते फक्त २५ वैमानिकांना. आपल्या बाकीच्या सोबत्यांना वगळले म्हणून तेही गेले नाहीत. गरज सरो, वैद्य मरो!

एक मित्र म्हणाला, "पण भाई, ते तर स्वतःच्या मुल्कासाठी लढले. मग इंग्रजांवर अहसान कसला?" प्रश्न खोटा नव्हता. तरी विहीर खोदणाऱ्याने ती स्वतःसाठी खोदली होती, एवढ्यावरून पाणी पिणाऱ्याला आपली तहान भागलीच नाही असे म्हणता येत नाही.

आमची अडचण वेगळीच होती. आमच्या वफादारीवर कुणी शंका घेतली की आम्ही लगेच १९६५ च्या लढाईतल्या परमवीर अब्दुल हमीद यांचे नाव घेतो. अभिमानाने घेतो, घ्यावेच. पण शहिदाचे नाव दाखवून इज्जत मागायची, तर ज्याच्या घरात शहीद नाही त्याने काय दाखवावे? आमच्या कापसाच्या जिल्ह्यात पिंजाऱ्याने जन्मभर लोकांच्या गाद्या भरल्या. रणगाडा उडवला नाही. त्याचा हक्क कमी का?

इथे आम्हाला कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. छावणीचा खर्च कुणी केला हा हिशेब वेगळा. शेजार मात्र कोल्हापूरकरांचा होता. ही माणसे कुणासाठी विमान उडवणार नव्हती. तरी २०१९ साली, त्या छावणीत वाढलेली मुले म्हातारपणी कोल्हापूरला आली तेव्हा गावाने त्यांचे प्रेमाने स्वागत केले.

पराक्रमाची कदर न करणे हा कृतघ्नपणा आहे, हे आम्हाला मान्य. पण माणसाचा मान त्याच्या पराक्रमावरच ठरवायचा, तर तो मान राहत नाही, मजुरी होते. आणि काम संपले की मजुरी थांबते. लंडनला तेच झाले.

पुढच्या वेळी कुणी पुरावा मागितला, तर आम्ही हमीदसाहेबांचे नाव घेण्याआधी त्या पिंजाऱ्याचे नाव घेऊ. ऐकणारा ऐकेल का, ते पाहू.