घाई कुणाची?

दोस्तहो, आपल्या बैठकांत एक मागणी हमखास होते : कायदा करा, ताबडतोब करा. मीही तशा घोषणा दिल्यात. रातपाळी संपवून, अंगावरचा कापूस न झटकता मोर्चात गेलोय. पण हल्ली एक प्रश्न झोप लागू देत नाही. घाईनं झालेला कायदा आपला असतो का?

आमच्या विंझरची, वेल्ह्याकडची गोष्ट सांगतो. आजीच्या सासऱ्याकडं महारकीचा तुकडा होता. वतन म्हणजे काय, तर तुकडाभर जमिनीपायी पिढ्यान्‌पिढ्या गावाची राबणूक. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ते पुढं मागं घ्यावं लागलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं! कायद्यात असं होतं, की ठरल्या मुदतीत कब्जेहक्काची रक्कम भरा आणि जमीन नावावर करून घ्या. आजी सांगते, मुदत होती हेच सासऱ्याला मुदत सरल्यावर कळलं. म्हातारा वतनातून सुटला आणि जमिनीतूनही सुटला.

आता ह्याला उशीर म्हणायचा की घाई? दोन्ही. कायदा करायला उशीर, आणि केल्यावर तो माणसापर्यंत पोचायच्या आत मुदत संपवायची घाई.

आपल्याला कायम सांगितलं जातं, थांबा, समाज अजून तयार नाही. हिंदू कोड बिल १९४७ साली मांडलं गेलं. चर्चा, समित्या, पुन्हा चर्चा. शेवटी २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागं हे बिल बारगळल्याचं दुःख मोठं होतं. पुढं १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे करून कायदे झाले. आणि २०१९ साली? आपल्याला, आदिवासींना आणि ओबीसींना वगळून इतरांतल्या गरिबांसाठी दहा टक्के राखीव जागा. ८ जानेवारीला लोकसभा, ९ ला राज्यसभा, १२ ला राष्ट्रपतींची सही. थेट घटनाच दुरुस्त झाली, पाच दिवसांत. म्हणजे घड्याळ एकच नाही. बाईसाठी, दलितासाठी वेगळं घड्याळ आहे.

कुणी म्हणेल, घाईनं आपलंच नुकसान होतं. नामांतराचं बघा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ठराव जरा सबुरीनं केला असता तर? मी ह्यावर पुष्कळ विचार केला. घरं ठरावानं जाळली नाहीत, जातीच्या द्वेषानं जाळली. ठराव करणाऱ्यांचा गुन्हा घाईचा नव्हता. ठराव करताना वस्तीच्या राखणीचा बंदोबस्त त्यांनी केला नाही, हा त्यांचा गुन्हा. पुढं सोळा वर्षं सबुरी केली, १४ जानेवारी १९९४ पर्यंत. त्या सबुरीनं द्वेष विझला का?

ज्याच्या पाठीवर काठी पडतेय त्याला 'थांब' म्हणायचा हक्क बघणाऱ्याला नाही. हे माझं पक्कं मत. पण तेवढ्यानं आपली जबाबदारी संपत नाही. काठी खाणाऱ्यालाही विचारलं पाहिजे, की बाबा, तुला नेमकं काय हवंय? ते न विचारता केलेला कायदा भीक होते. टाळ्या पडतात, हार पडतात, आणि कागद कपाटात जातो. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. भरपाई किती द्यायची, तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, हे ठरायला मधली वर्षं गेली. त्या वर्षांत ज्यांनी मार खाल्ला त्यांनी कुठं जायचं होतं?

म्हणून मित्रांनो, 'ताबडतोब' हा शब्द सोडू नका. फक्त तो अर्धा उच्चारू नका. कायदा ताबडतोब, तर नियमही ताबडतोब, पैशाची तरतूदही ताबडतोब, आणि वस्तीत येऊन वाचून दाखवणारा माणूसही ताबडतोब. पुढच्या निवेदनात मागणीखाली हे तीन प्रश्न लिहा : नियम कधी? पैसा कुठून? वस्तीला सांगणार कोण?

तिसरा प्रश्न आजीच्या सासऱ्याचा आहे. त्याचं उत्तर सरकारनं दिलं नाही, तर ते काम आपलं. रविवारी सुट्टी असते. मी विंझरला चाललोय.

जय भीम.