जड फिरणारा सेल्फ आणि कार्यावरून कारणाचे अनुमान

नदीचा पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असावा असे जे अनुमान केले जाते, त्याला न्यायदर्शनात ‘शेषवत्’, म्हणजे कार्यावरून कारणाचे अनुमान, म्हणतात. परंतु न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारी बाजू, हेच उदाहरण उलटवतो, कारण प्रवाह कोठे अडवला तरीही पाणी चढते. मराठवाड्यातल्या नायगाव परिसराला हा आक्षेप पुस्तकी वाटण्याचे कारण नाही, कारण वर धरणाचे दरवाजे उघडले की थेंबभर पाऊस नसतानाही गोदावरी फुगते. एकच कार्य अनेक कारणांनी घडत असेल, तर हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, व्यभिचारी ठरतो. साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसतानाही तो आढळतो.

हाच पेच गॅरेजातही येतो. मोटारीचा सेल्फ, म्हणजे इंजिन प्रथम फिरवणारी विजेची मोटर, जड फिरू लागला की ‘बॅटरी उतरली’ असा निकाल तत्काळ दिला जातो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याने बॅटरीचे आयुष्य घटत असल्यामुळे तो पुष्कळदा खराही निघतो, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. टर्मिनलवर चढलेला क्षार, अर्थिंगची सैल वायर, सेल्फचे झिजलेले बुश वा कार्बन, किंवा घट्ट झालेले इंजिन यांपैकी कशानेही सेल्फ तसाच कण्हतो.

पुराच्या आक्षेपाला भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर असे, की नुसते चढलेले पाणी हा हेतूच नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून आलेली पाने, फळे आणि लाकडे यांनी विशिष्ट असलेला पूर हा हेतू होय. व्होल्टमीटर नेमके हेच विशेष पुरवतो. भार नसताना बॅटरीवर दिसणारे 12.6 व्होल्ट फारसे काही सांगत नाहीत; सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर साधारण 9.6 व्होल्टच्या वर दाब टिकला आणि तरीही सेल्फ जड असला, तर शोध पुढे सरकवावा लागतो. मीटरचे एक टोक धन खांबावर (टर्मिनलच्या पट्टीवर नव्हे) व दुसरे सेल्फच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारला असता अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर तेवढा दाब वाटेतच खर्च होत आहे. ऋण खांब व इंजिन यांच्यामध्ये हा फरक 0.2–0.3 व्होल्टच्या आत असावा. 0.005 ओहम हा रोध नगण्य भासतो आणि साध्या मीटरने थेट मोजताही येत नाही, परंतु 200 अँपिअर प्रवाहात तो पुरता एक व्होल्ट गिळतो. अर्थक्रिया, म्हणजे कार्य घडवण्याचे सामर्थ्य, हेच सत्तेचे लक्षण मानणाऱ्या बौद्ध तार्किक धर्मकीर्तीला हा दोष आवडला असता.

अवघड प्रश्न यापुढचा आहे. ज्ञानाचे प्रामाण्य प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्यानुसार केलेली कृती सफल झाल्याने, ठरते असे वात्स्यायन मानतो. मग नवी बॅटरी बसवताच सेल्फ सुरळीत फिरला, तर निदान खरे ठरले काय? बॅटरी बदलताना मिस्त्री टर्मिनल घासूनच बसवतो, आणि गुण त्या घासण्याचा असेल तर नवी बॅटरी ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे कार्यापूर्वी हजर असूनही कारण नसलेली, ठरते; घटाच्या बाबतीत कुंभाराचे माती वाहणारे गाढव तसेच. सफलता येथे पुरावा म्हणून अपुरी पडते. अन्वय-व्यतिरेक, म्हणजे एक गोष्ट असता कार्य असणे व नसता नसणे, पाहायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. म्हणून जुन्याच बॅटरीवर टर्मिनल साफ करून एकदा सेल्फ मारून पाहावा, नवी बॅटरी त्यानंतर घ्यावी.