उरलेल्यांचे गाणे

साखरा गावाच्या परिसरात, सेनगाव तालुक्यातल्या गावोगावी, अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा भुईला टेकू द्यायची नाही असा दंडक असतो. पहाऱ्याची पाळी संपली की एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तारेवरची बोटे रात्रंदिवस बदलत राहतात, आणि तरीही सप्ता अखंड आहे या म्हणण्याला कोणी हरकत घेत नाही. परंतु ज्याने वर्षानुवर्षे चाल उचलावी आणि बाकीच्या टाळकऱ्यांनी ती झेलावी, असा एखादा गायक निवर्तला किंवा गाव सोडून गेला, म्हणजे पुढल्या सप्त्यात तेच मंडळ, त्याच मंदिरात, तोच अभंग गाऊ लागले असताही ऐकणाऱ्याच्या मनात एक शंका उभी राहते: हे मंडळ तेच काय? महसुली दफ्तरात मयत खातेदाराच्या जागी वारसाची नोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि जमिनीचा गट क्रमांक कायम राहतो. आवाजाला मात्र असा वारस लावता येत नाही.

ही शंका केवळ देवळातली नव्हे. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ या नावाने काही तरुणांनी एक बँड उभारला, १९९३ साली ‘इंडस क्रीड’ असे नामांतर केले, १९९५ साली त्याच नावाचा अल्बम काढला, आणि १९९७ साली तो मेळा विसर्जित झाला. २०१० साली गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि की-बोर्ड वाजवणारे झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. पण बेस गिटारवर आता रुशाद मिस्त्री होते, ड्रमवर जय राव कवी होते, म्हणजे ज्यांच्यावर साऱ्या वादनाचा भार तोलला जातो ते तालाचे हातच बदललेले होते. या पाच जणांनी २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम प्रसिद्ध केला, आणि त्यावर नाव घातले ते जुनेच. या नावावर त्यांचा अधिकार होता काय, हा प्रश्न वरकरणी करारपत्राचा वाटला, तरी त्याच्या तळाशी आपल्या दर्शनांनी फार पूर्वी घातलेला वाद आहे.

नैयायिकांचे उत्तर निष्ठुर आहे. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून निराळा असा एक सत्य पदार्थ आहे आणि तो अवयवांत समवायाने राहतो. म्हणूनच वस्त्रातला एक तंतू जरी काढला, तरी पहिले महावस्त्र नष्ट होऊन त्याच्या जागी खंडपट उत्पन्न होतो, आणि ‘तेच हे वस्त्र’ ही आपली प्रत्यभिज्ञा केवळ साजात्यावर उभी असते. बौद्धांचे उत्तर त्याहूनही पुढे जाते: मिलिंद राजाला नागसेनाने दाखवून दिले की चाक, आस, जू यांपैकी कशातही रथ सापडत नाही, रथ ही केवळ व्यवहाराची संज्ञा आहे, आणि पहिल्या प्रहरीची ज्योत व शेवटच्या प्रहरीची ज्योत या एकही नव्हेत आणि भिन्नही नव्हेत. दोन्ही उत्तरे तर्काला धरून आहेत, हे मी नाकारीत नाही. पण वस्त्राला आपल्या तंतूचा वियोग जाणवत नाही, ज्योतीला शोक होत नाही. आणि जो समुदाय शोक करू शकतो, त्याच्या एकत्वाचा निवाडा पदार्थाच्या नियमांनी करणे मला अपुरे वाटते.

पुरेशा उत्तरासाठी साखऱ्याच्या शेजारच्याच तालुक्यात जावे लागते. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नरसी तेथे आहे, आणि ज्यांच्याकडून त्यांना गुरूपदेश झाला त्या विसोबा खेचरांचा संबंध ज्या औंढा नागनाथाशी जोडला जातो, तेही साखऱ्याच्याच जिल्ह्यात. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्यामागोमाग सासवडला सोपानदेव, तापीकाठी मुक्ताबाई, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ असा तो सारा मेळा थोड्याच काळात ओसरला. ज्या संतमंडळाचा प्राणस्वरच गेला, त्यात नामदेव उरले, आणि उरलेल्याने काय करावे याचे उत्तर त्यांनी वादातून न देता आचरणातून दिले. समाधीच्या त्या प्रसंगाचे जे अभंग त्यांच्या नावावर चालत आले आहेत, त्यांत ते गेलेल्याची जागा भरून काढीत नाहीत. त्या जागेचे रितेपणच ते गाण्याचा विषय करतात. पुढे मंगळवेढ्यास गावकुसाच्या पडलेल्या भिंतीखाली संत चोखोबा गेले, तेव्हा त्या ढिगाऱ्यातून ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या ओळखून नामदेवांनी पंढरीस आणल्या व महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्याला हयातीत मंदिराचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्याला मृत्यूनंतर आपल्या मेळ्यात जागा देण्याचे हे कृत्य माझ्या लेखी तत्त्वज्ञानाच्या अनेक ग्रंथांहून वजनदार आहे.

म्हणून मला असे वाटते की गाणारा समुदाय हा पदार्थ नसून व्रत आहे, आणि व्रताचे एकत्व घटकांच्या गणतीवर नव्हे, तर गेलेल्याचे ऋण उरलेले लोक कसे वागवतात यावर ठरते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे तबलावादक व गायक अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी निवर्तले. २०१० साली निघालेल्या ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमात त्यांचा आवाज आहे, आणि ज्याची उत्तरक्रिया झाली त्याच्या सुरासह ते गाणे जगापुढे ठेवताना मित्रांना काय सोसावे लागले असेल, याची कल्पना कीर्तनात साथीदार गमावलेल्या माणसाला सहज येईल. मैफलीत उणीव झाकता येते, कारण मैफल सरते. ध्वनिमुद्रणात ती कायमची नोंदली जाते. तेव्हा स्टुडिओत पुन्हा उभे राहणे हा एक कबुलीजबाबच असतो: आम्ही आता इतकेच आहोत आणि असे आहोत.

या कबुलीत एक मोह मात्र असतो, तो जुनीच गाणी पुन्हा पुन्हा गाण्याचा. श्रोतेही तेच मागतात, आणि त्यांची मागणी प्रेमातूनच येते, हे मान्य करूनही मी म्हणेन की जुन्याची आवृत्ती हे स्मरण झाले, ऋणफेड नव्हे. ‘इंडस क्रीड’च्या मंडळींनी पंधरा वर्षांच्या खंडानंतर नव्या रचना मुद्रित केल्या, यातच त्यांचा नावावरचा अधिकार सिद्ध झाला असे मी मानतो. नामदेवांनीही हेच केले. ज्यांनी ज्ञानदेवांना कधी पाहिले नव्हते, ज्यांना मराठी कळत नव्हती, अशा लोकांत ते उत्तरेकडे गेले, पंजाबात घुमानला राहिले, आणि तेथल्या लोकांना उमजेल अशा भाषेत त्यांनी नवी पदे रचली. त्यांपैकी ६१ पदे पुढे १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात समाविष्ट झाली, आणि ती आजही गुरुद्वारांतून रागांत गाइली जातात.