खात्री त्यांचीही होती

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादवला ठार मारलं. वस्तीवर त्याची वर्षानुवर्षं दहशत होती. खून-बलात्काराचे आरोप होऊनही तो पुन्हापुन्हा सुटून येई. या खटल्यातले आरोपी २०१४मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. इंजिनिअरिंगला असताना हे सगळं वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आजही त्या बायकांना दोष द्यायला जीभ रेटत नाही.

त्याच दिवसांत आमच्या होस्टेलवर एक लॅपटॉप चोरीला गेला. रेक्टरांकडे दोनदा तक्रार केली, काही झालं नाही. मग मेसमधल्या एका मुलावर संशय आला आणि पाच-सहा जणांनी त्याला खोलीत घेऊन बडवलं. मी हात उचलला नाही. मी दाराशी उभा होतो, कोणी येत नाही ना हे बघत. आठवड्याभराने लॅपटॉप आमच्यातल्याच एकाकडे सापडला. तोवर तो मुलगा काम सोडून गेला होता.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. आधार काय, तर व्हॉट्सॲपवर फिरणारी अफवा. ती बातमी वाचताना मला ते दार आठवलं.

नागपूरचं समजू शकतो, राईनपाड्याचं नाही, असं आपण म्हणतो. पण ते नंतर, सगळं कळल्यावर. त्या क्षणी खात्री दोन्हीकडे होती. आमचीही होती. नोकरीत मी लिहिलेला कोड मला स्वतःला मंजूर करता येत नाही, दुसऱ्याने तपासावा लागतो. मी लबाड आहे म्हणून नव्हे, तर माझी चूक मला दिसत नाही म्हणून. कायदा हातात घेणारा हा दुसरा माणूसच काढून टाकतो. फिर्यादी, न्यायाधीश, जल्लाद सगळं तोच.

पण तो दुसरा माणूस वर्षानुवर्षं जागेवर नसेलच तर? कस्तुरबानगरचा हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर पोलिसांनी द्यायचं आहे. माझी अडचण एवढीच, की 'आता दुसरा मार्ग उरला नाही' हे ठरवणाराही जमावच असतो. आम्हाला ते दोन तक्रारींतच पटलं होतं.